‘आईने पोळी करली’ : भाषेविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे लहान मुलांच्या बोलण्याविषयी आहेत, आणि त्यांतील निम्म्या पत्रांत काळजीचा सूर आहे. त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझा नातू सव्वातीन वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना तो ‘आईने पोळी केली’, ‘झुरळ मेलं’ असे अगदी स्वच्छ बोलत असे. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र ‘आईने पोळी करली’, ‘झुरळ मरलं’ असे म्हणू लागला आहे. घरात असे कोणीही बोलत नाही. मी दर वेळी चूक सुधारते. तो मान डोलावतो आणि पुन्हा तेच म्हणतो. सुनेला वाटते की हे पाळणाघरातून आले. मला भीती वाटते की मूल मागे तर पडत नाही ना? — एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, आपण वर्णन केलेला प्रकार मुलांच्या बोलण्यात इतक्या नियमितपणे आढळतो, की तो आढळला नसता तरच मी थोडी विचारात पडले असते. अडीच वर्षांचा असताना आपला नातू ‘केली’ हा शब्द ‘चमचा’ किंवा ‘दूध’ म्हणावे तसाच म्हणत होता, म्हणजे कानांवर पडलेला अख्खा तुकडा जसाच्या तसा परत देत होता. ‘कर’ आणि ‘केली’ यांचे एकमेकांशी काही नाते आहे, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हते. पुढच्या काही महिन्यांत त्याने ‘बस–बसला’, ‘पड–पडला’, ‘हस–हसला’, ‘मार–मारलं’ अशा असंख्य जोड्या ऐकल्या आणि त्यांतून, कोणीही न सांगता, एक नियम काढला : घडून गेलेली गोष्ट सांगायची असेल तर क्रियापदाच्या मुळाला ‘ल’ जोडावा आणि त्यापुढे लिंगवचनानुसार शेवट करावा. नियम हाती लागल्यावर तो सर्वत्र चालवून पाहणे हे ओघानेच आले. ‘मार’चे ‘मारलं’ होते, तर ‘मर’चे ‘मरलं’ का होऊ नये, या त्याच्या म्हणण्याला तर्काने उत्तर देता येत नाही. उत्तर इतिहासात आहे. केला, गेला, मेला ही रूपे कृत, गत, मृत या जुन्या रूपांपासून प्राकृतातून उतरत आली आहेत, आणि ती रोज उठता-बसता कानांवर पडत असल्यामुळे नियमाच्या रेट्यापुढे टिकून राहिली आहेत. क्वचित वापरली जाणारी अनियमित रूपे अशी टिकत नाहीत. हळूहळू ती नियमाच्या वळणावर जातात.

मूल नुसते ऐकलेले परत म्हणत नाही, तर नियम काढते, हे दाखवणारा एक साधा आणि सुंदर प्रयोग अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, ‘हा वग आहे’ असे सांगितले, मग तसलेच दोन प्राणी दाखवले आणि वाक्य अर्धवट सोडले. मुलांनी इंग्रजीच्या रीतीप्रमाणे अनेकवचन करून वाक्य पुरे केले. तो शब्द त्यांनी त्याआधी कोठेही ऐकलेला असणे शक्यच नव्हते. हा खेळ मराठीत अधिक रंगतो, कारण आपल्याकडे लिंगे तीन आहेत. कागदावर तीन विचित्र प्राणी काढावेत आणि सांगावे, की हा ‘लोपका’, ही ‘झिबडी’ आणि हे ‘गोबडं’. मग प्रत्येकी दोन-दोन काढून विचारावे. चार-साडेचार वर्षांचे मराठी मूल सहसा ‘लोपके’, ‘झिबड्या’ आणि ‘गोबडी’ असे सांगते, आणि ‘खाऊ कुणाला देऊ?’ असे विचारल्यास ‘लोपक्याला’ असे उत्तर देते. ‘लोपका’चे ‘लोपक्या’ होते, याला शाळेत सामान्यरूप म्हणतात आणि ते पुढे कित्येक वर्षांनी शिकवतात. आपला नातू आज सव्वातीन वर्षांचा असल्यामुळे सगळी उत्तरे जमली नाहीत तरी नाउमेद होऊ नये. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढावा.

चूक सुधारण्याविषयी आपला अनुभव जगभरातील आयांचा आणि आज्यांचा अनुभव आहे. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या बोलण्याला आईवडील कशी दाद देतात हे तपासले होते, आणि असे आढळले की मोठी माणसे व्याकरणापेक्षा वाक्याच्या खरेखोटेपणाकडे लक्ष देतात. आपणही आपल्याच घरी पाहावे : आईने पोळ्या केल्या असताना नातू ‘आईने भात केला’ असे निर्दोष वाक्य बोलला, तर आपण ‘भात नाही रे, पोळी’ असे लगेच म्हणाल; आणि ‘आईने पोळी करली’ म्हणाला, तर घाईत असताना ‘हो ना, चल जेवायला’ असेच म्हणाल. मुले अशा सुधारणांच्या भरवशावर व्याकरण शिकत असती, तर सगळी मुले मोठी होऊन सत्यवादी आणि व्याकरणात कच्ची निघाली असती. त्याला थांबवून पाठ करून घेण्यापेक्षा बोलणे पुढे नेतानाच योग्य रूप त्याच्या कानांवर घालावे : ‘हो, केली ना आईने पोळी! किती केल्या?’ त्यानंतरही काही महिने एकाच दिवशी ‘केली’ आणि ‘करली’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतील, कारण अपवाद एकेक करून पक्के होत जातात.

पाळणाघराला मात्र बोल लावू नये. तेथील दुसरे एखादे मूल ‘करली’ म्हणत असेल, तर त्यानेही तो नियम बहुधा स्वतःच शोधलेला आहे.

प्रश्न : माझी भाषा मराठी, पत्नीची तमिळ; आम्ही दोघे एकमेकांशी इंग्रजीत बोलतो आणि मुलीला सांभाळणाऱ्या मावशी हिंदीत बोलतात. मुलगी सव्वीस महिन्यांची आहे. तिला मराठीचे वीस-पंचवीसच शब्द येतात. शेजारच्या त्याच वयाच्या मुलाला त्याहून कितीतरी अधिक येतात. ‘अम्मा, डोअर ओपन कर’ असे ती सगळे मिसळून बोलते. प्ले-ग्रुपमधून सल्ला मिळाला आहे, की गोंधळ टाळण्यासाठी घरात फक्त इंग्रजी बोला. आम्ही काय करावे? — एक बाबा, वाकड

उत्तर : आपण तिचे मराठी शब्द मोजलेत, तमिळ, हिंदी आणि इंग्रजी शब्द मोजलेत का? शेजारच्या मुलाचे सगळे शब्द एका टोपलीत आहेत आणि आपल्या मुलीचे चार टोपल्यांत वाटलेले आहेत, म्हणून तुलना करायची तर चारही टोपल्यांची बेरीज करून करावी लागते. ‘पाणी’, ‘तण्णी’, ‘पानी’ आणि ‘वॉटर’ हे चारही शब्द ती जाणत असेल, तर तिने एकाच वस्तूसाठी चौपट कष्ट घेतलेले आहेत. बहुभाषक घरांतील मुलांचा एकत्रित शब्दसंग्रह साधारणपणे एकभाषक मुलांच्या बरोबरीने वाढतो. एकेका भाषेतील साठा मात्र काही काळ लहान दिसतो.

आपण ज्या वाक्याची तक्रार केलीत ते मला फार आवडले. ‘डोअर ओपन कर’ या वाक्यात ‘डोअर’ आणि ‘ओपन’ हे शब्द इंग्रजी असले, तरी सांगाडा इंग्रजी नाही. इंग्रजीत क्रियापद आधी येते. आपल्या मुलीने ते शेवटी ठेवले आहे, आणि परका शब्द क्रियापद म्हणून वापरायचा असेल तर त्याला ‘करणे’ जोडावे, ही मराठीची रीतही पाळली आहे. आपण स्वतः ‘सिलिंडर बुक कर’, ‘फोन चार्ज कर’ असे म्हणताना नेमके हेच करता. शिवाय सव्वीस महिन्यांच्या मुलीने संबोधन वगळूनही तीन शब्दांचे वाक्य जुळवले, ही गोष्ट काळजीची नसून दिलासा देणारी आहे. १९७८ साली व्होल्टेरा आणि टेश्नर या संशोधिकांनी असे मत मांडले होते, की दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यात सुरुवातीला दोन्हींची मिळून एकच व्यवस्था असते. पुढील काळातील अभ्यासांनी ते मत बरेच मागे सारले. दोन वर्षांच्या आसपासची मुलेही समोरचा माणूस पाहून भाषा निवडू लागतात, असे त्यांत दिसून आले. आपली मुलगी मावशींशी ‘दो’ म्हणते की ‘दे’, एवढे लक्ष ठेवून ऐकले तरी आपल्याला त्याची प्रचिती येईल.

फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी तो पाळू नये. अनेक भाषांमुळे बोलणे लांबते याला आधार नाही, आणि आपण मराठी सोडलीत किंवा पत्नीने तमिळ सोडली, तर मुलीच्या वाट्याला येणारे सगळ्यांत मोकळे, थट्टामस्करीचे आणि रागा-लोभाचे बोलणेच बंद होईल. ‘एका माणसाने एकच भाषा बोलावी’ हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो जुना आहे : झूल रोंझा या फ्रेंच भाषाभ्यासकाने आपल्या मुलाशी स्वतः फ्रेंच आणि पत्नीने जर्मन बोलायचे ठरवले, आणि त्याविषयीचे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध केले. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावे, परंतु आपल्या देशातील बहुसंख्य घरांनी हा नियम कधी पाळलेला नाही आणि तरीही त्या घरांतील मुले दोन-तीन भाषा बोलत मोठी झाली आहेत. खरा हिशोब तासांचा आहे. दिवसातून ज्या भाषेला पंधरा मिनिटे मिळतात, ती भाषा मुलाला समजते पण तोंडात येत नाही, आणि शाळा सुरू झाल्यावर इंग्रजीचे तास आपोआप वाढतात. त्यामुळे जपायचे असेल तर मराठी आणि तमिळ यांनाच जपावे.

मराठी कार्टून लावून हे तास भरून काढता येतील असे आपल्या मनात आले असल्यास एक प्रयोग सांगते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली होती. ज्यांच्यासमोर माणूस बसून बोलला, खेळला, त्या बाळांना चिनी भाषेतील ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. ज्यांनी तेच बोलणे पडद्यावर पाहिले, त्यांना काहीही लाभ झाला नाही. तान्हे मूल ध्वनी किती लवकर निवडते हेही आपल्याला माहीत असावे. वर्कर आणि टीस यांच्या १९८४ सालच्या प्रयोगात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील फरक ओळखत होती, पण वर्षाची होईपर्यंत त्यांची ती क्षमता मावळली, कारण त्यांच्या घरात तो फरक लागतच नव्हता. आपल्या मुलीच्या बाबतीत तशी भीती नाही. ‘ळ’च्या बाबतीत तर मराठी आणि तमिळ अशी दोन मते आपल्याच घरात आहेत.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगते. दोन वर्षे उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यास वळत नसेल, तर भाषा किती आहेत याची चर्चा बाजूला ठेवून आधी त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. बहुभाषकतेला दोष देत बसल्यामुळे ही तपासणी लांबलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला शिकवते. पालक कामानिमित्त मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून आलेले आहेत. परवा एक मुलगा ‘मले पानी पायजे’ असे म्हणाला आणि वर्ग हसला. तेव्हापासून तो वर्गात तोंड उघडत नाही. मी त्याचे बोलणे सुधारावे की नाही? न सुधारल्यास मी माझे काम केले नाही असे होईल, आणि सुधारल्यास तो आणखी मिटेल. — एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझे वसतिगृह आठवले. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात, आणि अकरावीला पुण्यात येईपर्यंत यात हसण्यासारखे काही आहे हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच आठवड्यात, ‘मी जेवून आलो’ एवढे म्हटल्यावर खोलीतील मुली पोट धरून हसल्या. महिन्याभरात मी ‘आले’, ‘गेले’ म्हणू लागले. पण सुटीत स्वारगेटहून एसटीत बसले, की कराड ओलांडेपर्यंत जीभ आपोआप पालटत असे आणि घराच्या दारात मी ‘आलो गं आई’ म्हणूनच पाय ठेवत असे. आजही तसेच होते. यातील कोणते रूप मी चुकीचे शिकले, असे मला कोणी विचारले तर सांगता येणार नाही.

‘मले पानी पायजे’ या वाक्यात व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही. पुण्याच्या बोलीत जेथे ‘ला’ येतो तेथे वऱ्हाडीत ‘ले’ येतो, आणि तो ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ असा न चुकता येतो. ‘काय करून राहिला’ हे वऱ्हाडी रूप किंवा मराठवाड्यातील ‘मी करायलोय’ हे रूप, ही दोन्ही चालू असलेली क्रिया दाखवण्याच्या ठरलेल्या रीती आहेत. ‘अशुद्ध’ हा शब्द लेखनापुरता वापरावा, किंवा खरे तर तेथेही जपून वापरावा. बोलीला तो लागू पडत नाही. हसणाऱ्या मुलांनाही एक गोष्ट दाखवून देता येईल. ती सगळी ‘काम केलं’ असे बोलतात आणि वहीत ‘काम केले’ असे लिहितात. म्हणजे बोलण्याचे एक रूप आणि लिहिण्याचे दुसरे, ही कसरत वर्गातील प्रत्येक मूल करतच आहे. त्या मुलाच्या वाट्याला ती थोडी अधिक आली आहे, एवढेच.

मुले नव्या गावाची बोली कशी उचलतात, याविषयी फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात आर्विला पेन यांनी केलेला आणि १९८० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या उपयोगी पडेल. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांतील मुलांनी तेथील साधे उच्चार सवंगड्यांकडून सहज घेतले, आणि जी मुले लहान वयात आली त्यांनी ते अधिक चांगले घेतले. पण एका स्वराची वाटणी कोणत्या शब्दांत कशी होते, हा गुंतागुंतीचा भाग मात्र ज्यांचे आईवडील मूळचे तेथलेच होते अशा मुलांनाच पूर्णपणे साधला. माझ्या मते ‘मले’चे ‘मला’ होणे हे पहिल्या प्रकारातील काम आहे : एक प्रत्यय बदलला की सगळीकडे बदलतो, आणि तो मुलगा दिवाळीपर्यंत मधल्या सुटीत ‘मला’ म्हणू लागला तर नवल नाही. ‘न’ आणि ‘ण’ हे दुसऱ्या प्रकारातील काम आहे. ‘पाणी’त ‘ण’ आहे पण ‘पान’ात ‘न’ आहे, ‘कोण’मध्ये ‘ण’ आहे पण ‘कान’ात नाही, हे कोणत्याही एका नियमाने सांगता येत नाही. शब्दागणिक लक्षात ठेवावे लागते, आणि ज्या घरात हा भेद नाही त्या घरातील मुलाने ते केवळ सवंगड्यांकडून उचलावे ही अपेक्षा जड आहे. घाईने टोकत राहिल्यास मुले उलट टोकाला जातात आणि ‘मन’लाही ‘मण’ म्हणू लागतात.

शिवाय बोली ही केवळ सवय नसते. विल्यम लबॉव यांनी अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील उच्चारांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. उन्हाळी पाहुण्यांनी गजबजणाऱ्या त्या बेटावर, ज्यांना तेथेच राहायचे होते त्यांच्या बोलण्यात बेटाचा खास उच्चार अधिक ठळक झालेला त्यांना आढळला. आपला विद्यार्थी पुढेमागे वर्गात ‘पाणी’ म्हणू लागेल आणि घरी ‘पानी’च म्हणत राहील, त्यात त्याचा आळस नसेल, आजीशी असलेले नाते असेल.

म्हणून लेखनात प्रमाण रूपे नेटाने शिकवावीत, पण ती ‘दुसऱ्या’ रूपाच्या नात्याने शिकवावीत : ‘तुझ्या घरी मले, पुस्तकात मला’. तोंडी बोलताना मात्र तो काय सांगतो आहे याकडेच लक्ष द्यावे. एक तास काढून फळ्यावर ‘मुलगा’ हा शब्द लिहावा आणि प्रत्येकाच्या घरी त्याला काय म्हणतात ते विचारावे. पोरगा, पोट्टा, पोऱ्या अशी रांग लागेल, आणि वर्गात मालवणचे कोणी असेल तर ‘झील’ही मिळेल. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातही गावोगाव जाऊन अशाच प्रकारचे प्रश्न विचारलेले आहेत. त्या तासाला पहिले उत्तर त्याच मुलाकडून घ्यावे, असे मला वाटते.

प्रश्न : ‘माझी मदत कर’, ‘मी आली’ अशी मराठी हल्ली घरोघरी ऐकू येते. माझी नात तर सर्रास असेच बोलते. पुण्यासारख्या ठिकाणी ही अवस्था असेल, तर मराठीची हिंदी व्हायला किती वेळ लागेल? — एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ‘माझी मदत कर’ ही हिंदीची रचना आहे, आणि माझ्यासमोर लेख तपासायला आला तर मी ती खोडून ‘मला मदत कर’ असेच करते. ‘मी आली’चे सगळे खापर मात्र हिंदीवर फोडता येत नाही, मुंबईत आणि इतर काही बोलींत ते रूप घरचेच आहे. नात ज्यांच्यात वाढते त्यांचे बोलणे ती उचलते, आणि ती माणसे केवळ सदाशिव पेठेतील नाहीत.

भाषा एकमेकींजवळ राहिल्या की व्याकरणाची देवाणघेवाण होतेच. सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तेथील बोलण्याविषयी लिहिले, तेव्हा असे दिसले की शब्द आपापल्या भाषेचे राहिले आहेत, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली आहे की एका भाषेतील वाक्याचे दुसऱ्या भाषेत शब्दास शब्द ठेवून रूपांतर करता यावे. तेथील उर्दूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यासारखा भेदही आलेला होता. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’, हा भेद प्रमाण हिंदीत नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आज आपण ज्याला अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्यातही शेजारणीकडून आणलेले विरजण आहे. आपली नात ‘आपण सिनेमाला जातो, तू घरीच थांब’ असे म्हणू लागली तर मलाही वाईट वाटेल. तोवर तिच्याशी रोज अर्धा तास गप्पा माराव्यात, आणि त्या गप्पांत भाषेचा विषय काढू नये.

जाता जाता एक विचारते. ‘तो पेन’ की ‘ते पेन’? आणि ‘मेल आला’ की ‘मेल आली’? आपल्या पिढीनेही यावर निकाल दिलेला नाही. मोठी माणसे अशी सरमिसळ वर्षानुवर्षे सांभाळतात, मुले मात्र तिला शिस्त लावतात : कार्ला हडसन कॅम आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक कृत्रिम भाषा मुद्दाम अनियमित ठेवून शिकवली होती, प्रौढांनी ती अनियमितता बहुतांशी तशीच उचलली, तर मुलांनी स्वतःच नियम घालून ती भाषा सरळ केली. ‘पेन’चा निकालही बहुधा आपल्या नातीची पिढीच लावील.

प्रश्न : माझे पती मल्याळी आहेत, वय चौतीस. दोन वर्षे मनापासून मराठी शिकत आहेत, पण ‘भिंत पडला’, ‘दार उघडी आहे’ असे अजूनही म्हणतात. भाषा शिकण्याचे वय निघून गेले का? — एक वाचक, औंध

उत्तर : मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, आणि भिंतीला लिंग असते ही कल्पनाच तेथे नाही, त्यामुळे त्यांची अडचण वयाची कमी आणि सवयीची अधिक आहे. कॅथरीन स्नो आणि मरिआन हूफनागेल-हूले यांनी १९७८ साली नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुले आणि प्रौढ हे तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पुढे होते. लहान मुले पुढे वर्षांच्या हिशोबात बाजी मारतात, विशेषतः उच्चारांत.

‘गाडी’, ‘घोडा’, ‘केळं’ यांसारख्या शब्दांचा शेवटच लिंग सांगतो, म्हणून ते त्यांना जमत असतील. अडते ते भिंत, दार, दगड यांच्यापाशी, कारण त्यांच्या शेवटावरून काहीच कळत नाही. असे शब्द त्यांना एकटे सांगू नयेत. ‘मोठी भिंत’, ‘मोठं दार’, ‘मोठा दगड’ असे विशेषणासह सांगावेत आणि तसेच पाठ होऊ द्यावेत, म्हणजे क्रियापद बोलायची वेळ येईपर्यंत लिंग तोंडात तयार असेल. रोज पाच शब्द पुरेत. ‘पेन’ मात्र शेवटी ठेवावा; त्याबाबत आधी आपल्या माहेरच्यांचे एकमत व्हावे लागेल.